विषाणूंची रचना आणि प्रतिकृतीकरण: या चुका टाळा

विषाणूची आकृती काढायला सांगा, बहुतेक वह्यांत एकच चित्र येतं: वर षटकोनी डोकं, मधे दांडा, खाली वाकलेले सहा पाय. हा टी-४ बॅक्टेरिओफाज, म्हणजे जिवाणूवर वाढणारा विषाणू (थोडक्यात फाज). चित्र चुकीचं नाही. पण त्या एका चित्राच्या भरवशावर एचआयव्ही, इन्फ्लुएन्झा, पोलिओ, भेंडीवरचा हळद्या अशा सगळ्यांची उत्तरं लिहिली जातात आणि तिथून चुकांची रांग लागते.

अकरावी-बारावी, नीट आणि बीएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना, पेपर तपासताना ज्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात, त्या इथे घेतल्या आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. यातल्या बऱ्याचशा चुका पाठांतर कमी पडल्यामुळे होत नाहीत. चिकटणं, शिरणं, प्रती काढणं, जुळणी, सुटका ही यादी मुलांना झोपेतही म्हणता येते. पण या विषाणूचा एमआरएनए (प्रथिन बनवण्याची सूचना वाहणारा आरएनए) कोण बनवतं, कुठे बनवतं आणि कशावरून बनवतं, हा प्रश्न कोणी स्वतःला विचारलेलाच नसतो. रायबोसोम (प्रथिन बनवणारं यंत्र) एकाही विषाणूकडे स्वतःचा नाही. तो पेशीचा. आणि पेशीचा रायबोसोम एमआरएनएच वाचतो, दुसरं काही नाही. त्यामुळे प्रत्येक विषाणूला कसंही करून एमआरएनएपर्यंत पोचावंच लागतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं.

प्रत्येक विषाणू इंजेक्शन देतो, असं लिहिणं

"विषाणू पेशीवर बसतो, आपला डीएनए आत सोडतो आणि कवच बाहेर राहतं." हे वाक्य टी-४ साठी बरोबर आहे. १९५२ साली हर्शी आणि चेस यांनी टी-२ फाज घेऊन हेच दाखवलं होतं. किरणोत्सारी गंधकाने प्रथिनावर खूण केली, किरणोत्सारी फॉस्फरसने डीएनएवर, आणि मिक्सरमध्ये घुसळून जिवाणूवर चिकटलेली रिकामी कवचं झटकून काढली. गंधक मुख्यतः बाहेर राहिलं, फॉस्फरस आत गेला. प्रयोग प्रसिद्ध झाला, प्रत्येक पुस्तकात आला, आणि फाजची रीत ही सगळ्या विषाणूंची रीत म्हणून मुलांच्या डोक्यात बसली.

इन्फ्लुएन्झा असलं काही करत नाही. पेशी त्याला पटलाच्या पिशवीत गुंडाळून सगळाच्या सगळा आत ओढून घेते. त्या पिशवीत आम्लता वाढली की हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आपला आकार बदलतं, विषाणूचं आवरण पिशवीच्या पटलात मिसळतं, आणि मग आतला आरएनए पेशीद्रवात मोकळा होतो. म्हणून प्राण्यांच्या विषाणूंच्या उत्तरात 'अनकोटिंग' म्हणजे कवच उतरवण्याचा टप्पा लिहावा लागतो. टी-४ च्या उत्तरात तो टप्पा घातला तर मात्र चूक, कारण तिथे कवच आत गेलेलंच नसतं.

वनस्पतींच्या विषाणूंची गोष्ट तिसरीच. तंबाखूच्या मोझॅक विषाणूच्या (टीएमव्ही) उत्तरात "पेशीवरील विशिष्ट रिसेप्टरला चिकटतो" असं वाक्य हमखास सापडतं. वनस्पतिपेशीभोवती सेल्युलोजची जाड भिंत असते, तिथे चिकटून भागत नाही. हा विषाणू पानाला झालेल्या बारीक जखमेतून आत जातो, त्यासाठी हात, अवजारं, पानावर पान घासणं एवढं पुरतं. भेंडीवरच्या हळद्याला (यलो व्हेन मोझॅक) पांढरी माशी लागते. एकदा आत गेल्यावर पेशीपेशींना जोडणाऱ्या प्लाझ्मोडेस्माटाच्या वाटांनी विषाणू झाडभर पसरतात. हळद्या दिसला की बुरशीनाशक मारणारे शेतकरी आजही आहेत. औषध बुरशीच्या पेशीवर काम करतं, इथे बुरशी नाहीच. रोगट झाड उपटणं, पांढरी माशी आवरणं आणि प्रतिकारक वाण लावणं, हेच हाताशी असलेले उपाय.

जाता जाता एक. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात वनस्पतींचे विषाणू 'साधारणपणे' एकेरी आरएनएचे असतात असं म्हटलं आहे. मुलं 'साधारणपणे' गाळतात आणि "सर्व वनस्पती विषाणू आरएनएचे" हे विधान बरोबर म्हणून टिक करतात. फुलकोबीच्या मोझॅक विषाणूत दुहेरी डीएनए असतो, आणि आत्ता सांगितलेला भेंडीचा विषाणू एकेरी डीएनएचा आहे.

कॅप्सिड म्हणजे एकसंध डबी

कॅप्सिड म्हणजे विषाणूचं प्रथिनांचं कवच. ते काय काम करतं, तर 'न्यूक्लिक आम्लाचं रक्षण'. इथवर सगळे येतात. ते एकाच प्रथिनाच्या शेकडो प्रतींपासून का बनतं, हे विचारलं की शांतता. टीएमव्हीचं गणित वहीत एकदा मांडून बघा, सगळं उलगडतं.

टीएमव्हीची काडी सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड असते. तिच्यात एकाच प्रथिनाच्या २१३० प्रती आणि प्रत्येक प्रथिनात १५८ अमिनो आम्लं. म्हणजे सगळं कवच मिळून ३,३६,५४० अमिनो आम्लांचं. एका अमिनो आम्लासाठी तीन न्यूक्लिओटाइड लागतात. एवढं कवच 'एकसंध' बनवायचं म्हटलं तर दहा लाखांहून जास्त न्यूक्लिओटाइडांची माहिती हवी. विषाणूकडे आहेत किती? सुमारे ६४००. त्यातही कवचाखेरीज प्रती काढणारं एन्झाइम आणि पेशीतून पेशीत जायला मदत करणारं प्रथिन यांचे जीन बसवायचे आहेत. तेव्हा १५८ अमिनो आम्लांचा, जेमतेम ४७४ न्यूक्लिओटाइडांचा एक जीन ठेवायचा आणि त्याच्या प्रती एकमेकींना जोडत जायचं, याला पर्याय नाही.

गणित इथेच थांबवू नका. प्रत्येक प्रथिन आरएनएचे तीन न्यूक्लिओटाइड धरून बसतं. २१३० गुणिले ३ म्हणजे ६३९०. टीएमव्हीच्या आरएनएची लांबी जवळजवळ तेवढीच आहे. म्हणजे काडी किती लांब व्हायची हे आरएनएच्या लांबीवरून ठरतं. यातूनच आकृतीतली एक फार जुनी चूकही दिसते. मुलं मधल्या पोकळीत आरएनएची सरळ तार काढतात. खरं तर ती पोकळी मोकळी असते. आरएनए प्रथिनांच्या मधल्या खाचेत, त्यांच्याबरोबरच पिळाने फिरत वर जातो. पीळ काढा, तार नको.

गोलसर दिसणाऱ्या विषाणूंत हाच हिशेब विसफलकाच्या (आयकोसाहेड्रॉन) रूपात येतो: २० त्रिकोणी बाजू, १२ टोकं, ३० कडा. अॅडिनोव्हायरसमध्ये २५२ कॅप्सोमिअर मोजता येतात, त्यातले टोकांवरचे १२ पाच शेजाऱ्यांनी वेढलेले आणि उरलेले २४० सहांनी. इथे घोळ होतो तो कॅप्सोमिअर आणि प्रथिनाची एकेक साखळी एकच समजण्यात. कॅप्सोमिअर हा सूक्ष्मदर्शकात दिसणारा गठ्ठा, तो कित्येक साखळ्यांचा असतो.

इतिहासाच्या एका गुणासाठी क्रम लक्षात ठेवा: १८९२ इव्हानोव्स्की, रोग गाळणीतून पार होतो, १८९८ बाइयरिंक, हे साधं विष नव्हे, झाडात वाढतं, १९३५ स्टॅन्ली, स्फटिक. स्टॅन्लीला ते निव्वळ प्रथिन वाटलं होतं. त्यात आरएनए आहे हे पुढच्याच वर्षी बॉडेन आणि पिरी यांनी दाखवलं.

आवरण असलेला विषाणू जास्त टणक, हा समज

ऐकायला पटतं: कवचावर आणखी एक थर, म्हणजे जास्त संरक्षण. प्रत्यक्षात उलट आहे. आवरण पेशीच्या पटलातूनच उचललेलं स्निग्ध पदार्थांचं असतं. साबण, अल्कोहोल, कोरडी हवा यांनी ते विस्कटतं, आणि त्याच्यात रोवलेली प्रथिनं गेली की विषाणूला पेशी ओळखता येत नाही. कोरोनाच्या काळात साबणावर एवढा जोर दिला गेला तो यामुळेच. उलट पोलिओ, रोटा, नोरो, हिपॅटायटिस ए यांना आवरण नसतं. ते पाण्यातून, हातांतून, भाजीवरून येतात, जठरातलं आम्ल आणि आतड्यातलं पित्त पचवून पुढे जातात. पावसाळ्यात गावात दूषित पाण्याने काविळीची साथ येते, तेव्हा त्यामागे हिपॅटायटिस ए किंवा ई असतो; बी नाही, कारण तो रक्तावाटे, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. नोरोसाठी सॅनिटायझरवर विसंबू नये, हात साबण-पाण्याने चोळून धुवावेत. इथे साबण विषाणू फोडत नाही, हातावरून वाहून नेतो. परिणाम तोच, कारण वेगळं. लघुत्तरी प्रश्नात नेमकं हे कारणच विचारलेलं असतं.

आकृतीतही लक्ष हवं. काटे (स्पाइक) आवरणात रोवलेले दाखवा, कॅप्सिडमधून निघालेले नाहीत. आणि "आवरण यजमान पेशीचं, म्हणून त्यातली प्रथिनंही पेशीची" हेही नको. पटल पेशीचं, काटे विषाणूच्या जीनमधून बनलेले. इन्फ्लुएन्झाचे एच आणि एन हे तसेच दोन काटे, आणि परीक्षेत त्यांची कामं सर्रास उलटीपालटी होतात. एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन, ते पेशीवरच्या सायलिक आम्लाला धरतं. एन म्हणजे न्यूरॅमिनिडेज, ते तेच सायलिक आम्ल कापतं, म्हणून नव्याने तयार झालेले विषाणू पेशीपासून सुटतात. २००९ च्या स्वाइन फ्लूत पुण्यात घरोघरी माहीत झालेलं टॅमिफ्लू हे औषध एनला अडवतं. नवे विषाणू पेशीला चिकटूनच राहतात. यावरून ते आजाराच्या सुरुवातीलाच का घ्यायचं तेही कळतं: पसरून झाल्यावर सुटका अडवून उपयोग काय?

विषाणू एकाचे दोन, दोनाचे चार होतात

होत नाहीत. जिवाणू विभागतो, विषाणू जुळवला जातो. एलिस आणि डेलब्रुक यांनी १९३९ मध्ये फाजच्या वाढीचा आलेख काढला, तो सरळ चढत नाही. आधी सपाट, मग एकदम उंच पायरी. टी-४ ने जिवाणूला गाठल्यावर ३७ अंश सेल्सिअसला पहिली दहा-बारा मिनिटं तुम्ही पेशी फोडून पाहिली तर आत संसर्गक्षम असा एकही विषाणू मिळत नाही. गेलेला फाजही नाही आणि नवाही नाही. याला एक्लिप्स म्हणतात. सुटे भाग बनत असतात: डोकी वेगळी, शेपट्या वेगळ्या, पाय वेगळे. मग जुळणी होते, आणि पंचवीस-तीस मिनिटांनी लायसोझाइम भिंत फोडतं तेव्हा शंभर-दोनशे फाज एकदम बाहेर पडतात. तेवढ्या वेळात जिवाणू फार तर एकदा विभागला असता.

एक्लिप्सचा काळ आणि लेटंट पिरियड एक नव्हेत. एक्लिप्स संपतो तो पेशीच्या आत पहिला पूर्ण विषाणू तयार झाल्यावर. लेटंट पिरियड संपतो विषाणू बाहेर पडायला लागल्यावर. म्हणून दुसरा नेहमी मोठा.

आणि शेवटी पेशी फुटलीच पाहिजे असंही नाही. एचआयव्ही, इन्फ्लुएन्झा पटलातून अंकुरासारखे बाहेर निघतात. एम-१३ हा तंतूसारखा फाज तर जिवाणूला न मारता त्याच्या भिंतीतून सतत झरत राहतो. "प्रतिकृतीकरणाचा शेवट = लायसिस (पेशी फुटणं)" हे समीकरण खोडून टाका.

प्लस आणि मायनस: जिथे सगळे अडतात

मुद्द्याचं प्रकरण हे. डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये विषाणूंची जी वर्गवारी सुचवली, ती आकारावर किंवा आजारावर नव्हती. जनुकद्रव्यापासून एमआरएनएपर्यंत जायचा रस्ता कोणता, एवढंच त्यात बघितलं होतं. आज त्यात सात वर्ग धरतात. ते पाठ करण्यात वेळ घालवू नका. पेशीकडे काय आहे आणि काय नाही, तेवढं माहीत असलं की सातही वर्ग तुम्ही स्वतः मांडू शकता.

पेशीकडे आहे: डीएनएवरून डीएनए काढणारं एन्झाइम, डीएनएवरून आरएनए काढणारं एन्झाइम (दोन्ही मुख्यतः केंद्रकात), आणि रायबोसोम. विषाणूच्या आरएनएवरून आरएनए काढून देणारं एन्झाइम पेशीकडे मिळत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

आता पोलिओ घ्या, किंवा डेंग्यू, चिकुनगुन्या, कोरोना. यांचा आरएनए प्लस, म्हणजे एमआरएनएच्याच बाजूचा. आत गेल्या गेल्या रायबोसोम तो वाचायला घेतो आणि पहिल्याच फेरीत आरएनएवरून आरएनए काढणारं एन्झाइम, आरडीआरपी, बनवून देतो. मग त्याच्या जोरावर प्लसवरून मायनस, मायनसवरून पुन्हा भरपूर प्लस. म्हणून या विषाणूंना ते एन्झाइम सोबत आणावं लागत नाही. "कोरोना विषाणूच्या कणात आरडीआरपी असतं" हे विधान बरोबर म्हणून खूण करणारे पुष्कळ. एन्झाइमचा जीन कणात असतो, तयार एन्झाइम नाही.

रेबीज, गोवर, गालगुंड, निपाह, इन्फ्लुएन्झा यांचा आरएनए मायनस. रबरी शिक्क्यावरची अक्षरं जशी उलटी असतात तसा हा: त्याच्यावरून छापता येतं, तो थेट वाचता येत नाही. रायबोसोमसमोर नुसता टाकला तर काहीच घडणार नाही, कारण छापणारं यंत्र पेशीकडे नाही. ते विषाणूलाच कणात भरून आणावं लागतं. याचा पुरावाही आहे. टीएमव्हीचा नुसता आरएनए, प्रथिनाशिवाय, पानावर चोळला तरी रोग होतो, हे गियरर आणि श्राम यांनी १९५६ मध्ये दाखवलं. पोलिओचा शुद्ध आरएनएही पेशीत घातला की पूर्ण विषाणू तयार होतात. रेबीजचा किंवा इन्फ्लुएन्झाचा शुद्ध आरएनए घालून बघा, काही होत नाही. प्लस की मायनस हे आठवत नसेल तर "नुसता आरएनए संसर्ग करतो का?" असं विचारा, उत्तर तिथेच आहे.

रोटाव्हायरसमध्ये दुहेरी आरएनए. इथे हुशार मुलंही फसतात: दोन धाग्यांतला एक प्लस आहे, मग तो वाचला जात नाही का? नाही. दोन्ही धागे घट्ट जुळलेले असतात, रायबोसोमला त्यात शिरता येत नाही. म्हणून रोटालाही एन्झाइम सोबत आणावं लागतं.

'डीएनए विषाणू केंद्रकात, आरएनए विषाणू पेशीद्रवात' हा नियम मी शिकवतो, पण त्यामागचं कारण सांगूनच. डीएनए विषाणूला पेशीची यंत्रं हवी असतात आणि ती केंद्रकात असतात. कारण कळलं की अपवाद पाठ करावे लागत नाहीत. देवीचा विषाणू डीएनएचा, तरी पेशीद्रवात वाढतो, कारण आरएनए काढणारं यंत्र तो स्वतःचं घेऊन येतो. इन्फ्लुएन्झा आरएनएचा, तरी केंद्रकात जातो, कारण पेशीच्या ताज्या एमआरएनएची टोपी (कॅप) कापून स्वतःच्या एमआरएनएला लावायची त्याला सवय आहे, आणि ताजा एमआरएनए केंद्रकातच मिळतो.

औषधांचा गोंधळही इथेच मिटतो. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही, टेट्रासायक्लिन जिवाणूचा रायबोसोम अडवतं. विषाणूला भिंत नाही, आणि तो वापरतो तो रायबोसोम आपल्या पेशीचा. अडवायचं काय? सर्दीसाठी अँटिबायोटिक मागणाऱ्या नातेवाइकांना एवढंच सांगता येतं. ते ऐकतात असं नाही.

एचआयव्हीच्या उत्तरातली ठरलेली गळती

एचआयव्हीकडे प्लस आरएनएच्या दोन प्रती असतात. आकृतीत एकच काढतात, गुण जातो. त्याहून मोठी चूक: "प्लस आरएनए आहे म्हणजे रायबोसोम थेट वाचतो." हा प्लस असूनही आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजने डीएनएत उतरवला जातो. हे एन्झाइम १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी वेगवेगळे शोधले आणि १९७५ चं नोबेल त्यांना डल्बेको यांच्यासह मिळालं. मग इंटिग्रेज तो डीएनए आपल्या गुणसूत्रात बसवतं. तिथून पुढे आरएनए काढण्याचं काम पेशीचंच एन्झाइम करतं. त्यामुळे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, इंटिग्रेज आणि प्रोटिएज ही तिन्ही कणात हवीत, आरडीआरपी कुठेच नाही.

प्रोटिएजचा टप्पा तर जवळजवळ सगळे गाळतात. पेशीतून अंकुरलेला नवा कण अजून कामाचा नसतो. त्यातली प्रथिनं एका लांब साखळीत जोडलेली असतात. प्रोटिएज त्यांचे तुकडे करतं, तेव्हाच तो ओळखीचा शंकूच्या आकाराचा गाभा आत तयार होतो आणि कण संसर्गक्षम होतो. प्रोटिएज अडवणारी औषधं घेतली तरी पेशीतून कण बाहेर पडतात, पण अर्धवट. "ही औषधं विषाणू बाहेर पडू देत नाहीत" असं लिहिलं की चुकलं.

पुस्तकात रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन पेशीद्रवात होतं असं वाचाल. अलीकडच्या संशोधनात तो शंकू अखंडपणे केंद्रकापर्यंत जातो आणि काम तिथे पूर्ण होतं असं दिसलं आहे. परीक्षेत पुस्तकातलं लिहा, पण डोक्यात दुसरं असू द्या.

हिपॅटायटिस बी याच्या बरोबर उलटा: कणात डीएनए, पण त्याच्या प्रती आरएनएमार्गे, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शननेच. नाव बघून वर्ग ठरवू नका.

सुप्त म्हणजे गुणसूत्रात बसलेला, असं धरणं

लॅम्डा फाज जिवाणूच्या डीएनएत बसतो, त्याला प्रोफाज म्हणतात. एचआयव्ही आपल्या डीएनएत बसतो, तो प्रोव्हायरस. इथवर ठीक. मग "कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं सुप्त राहतो, म्हणजे तोही प्रोव्हायरस" अशी उडी मारली जाते. तो आपल्या डीएनएत बसत नाही. मज्जारज्जूजवळच्या चेतागाठींत, केंद्रकाच्या आत, वेगळ्या गोल डीएनएच्या रूपात पडून राहतो. प्रतिकारशक्ती उतरली की त्यातल्या एखाद्या गाठीतून जागा होतो आणि त्याच चेतातंतूने त्वचेवर येतो. तीच नागीण. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं आपल्याकडे अजून म्हणतात. पुरळ एका बाजूच्या एका चेतातंतूच्या पट्ट्यातच उठतं, मधली रेघ ते सहसा ओलांडत नाही, त्यामुळे तोंड-शेपूट जुळायचा प्रश्नच क्वचित येतो. डोळ्याजवळ उठली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, आणि एरवीही अॅसायक्लोव्हिरसारखं औषध लवकर सुरू केलं तरच कामाला येतं.

प्रोफाज निरुपद्रवी असतो हेही गृहीत धरू नका. पटकीच्या जिवाणूचं विष ज्या जीनमधून बनतं तो जीन त्याला एका तंतुमय फाजकडून मिळालेला आहे. हे १९९६ मध्ये दाखवलं गेलं. घटसर्पाचं विषही फाजचंच.

प्रात्यक्षिकात प्लाक आलेच नाहीत तर

बीएस्सीला सांडपाण्यातून कोलिफाज (ई. कोलाय जिवाणूवर वाढणारे फाज) काढायचं प्रात्यक्षिक असतं. प्लेटवर पसरलेल्या जिवाणूंच्या थरात, म्हणजे हिरवळीत, फाजने जिवाणू मारले की जी मोकळी वर्तुळं दिसतात ते प्लाक. प्लेट कोरी निघाली की मुलं "नमुन्यात फाज नव्हता" असं लिहून मोकळी होतात. सांडपाण्यात ई. कोलायचे फाज नसणं अवघड. आधी जिवाणूचं कल्चर बघा. रात्रभर वाढलेलं, थकलेलं कल्चर तसंच वापरलं असेल तर प्लाक बारीक, धूसर येतात किंवा येतच नाहीत. ताज्या माध्यमात घालून दोन-तीन तास वाढवलेलं, जोमात असलेलं कल्चर घ्या. मग मऊ अगार. ते ४५ अंशांच्या आसपास हवं. त्याहून बरंच गरम ओतलं तर जिवाणूच मरतो आणि हिरवळच धरत नाही. गार झालेलं ओतलं तर गुठळ्या होतात आणि त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांना मुलं प्लाक म्हणून मोजतात. प्लेट तिरकी करून उजेडात धरा: बुडबुड्याची कड चकाकते, प्लाकची नाही. काही फाजना चिकटायला कॅल्शियम लागतं, थोडं कॅल्शियम क्लोराइड घालून पाहा.

हिरवळच सगळी साफ झाली असेल तर फाज कमी नाहीत, फार जास्त आहेत, आणखी पातळ करा. प्लाकच्या मध्यभागी धुरकट वाढ दिसली तर ती घाण समजून टाकून देऊ नका. तो लॅम्डासारखा, बसून राहणारा फाज असू शकतो, आणि मध्ये वाढलेले जिवाणू तो पोटात घेऊनच वाढलेले असतात.

हिशेबात एक गोष्ट हमखास सुटते: किती मिली ओतलं ते. दहा लाख पट पातळ केलेल्या नमुन्यातले ०.१ मिली ओतले आणि ८४ प्लाक मोजले, तर मूळ नमुन्यात दर मिलीला ८४ कोटी प्लाक पाडणारे कण. ०.१ विसरलात तर ८.४ कोटी, दहापट कमी. आणि हा आकडा 'इतके विषाणू आहेत' असा वाचायचा नाही. प्लाक पाडू शकणारे तेवढे. पीसीआरने (जनुकद्रव्य ओळखणाऱ्या चाचणीने) किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मोजलेला आकडा सहसा याहून मोठा येतो, कारण त्यांत निकामी कण आणि जनुकद्रव्याचे तुकडेही धरले जातात. पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे अजून संसर्ग पसरवू शकतो असं थेट म्हणता येत नाही, ते याच कारणाने.

गाळणीबद्दलही एक. जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून जे पार होतं ते विषाणू, ही व्याख्या इव्हानोव्स्कीच्या काळापासून चालत आली आणि शतकभर तिने काम भागवलं. मग २००३ मध्ये मिमिव्हायरसची ओळख पटली. त्याचं कवचच सुमारे अर्ध्या मायक्रॉनचं, जनुकद्रव्य सुमारे १२ लाख बेसजोड्यांचं. तो अमिबात वाढतो, आणि इंग्लंडमधल्या एका कूलिंग टॉवरच्या पाण्यात सापडल्यावर आधी कित्येक वर्षं जिवाणू म्हणूनच पडून होता. पुढे आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी मुंबईच्या सांडपाण्यातून आणि पवई तलावातून असे महाकाय विषाणू वेगळे काढले. एकाचं नावच मिमिव्हायरस बॉम्बे. तुमच्या प्रात्यक्षिकाच्या बाटलीत असे असतील तरी ०.२२ मायक्रॉनची गाळणी लावल्यावर ते गाळणीवरच राहतात, आणि ई. कोलायवर तर ते वाढणारच नाहीत. त्यासाठी अमिबाचं कल्चर लागतं.